गावंडे मॅडमनी मोजलेले घोडे

गावंडे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात आमच्याच मासिकातून फाडलेलं एक पान होतं.

कर्वेनगरमधल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत, आमचं ऑफिस होतं. गाड्यांविषयीचं मराठी मासिक. बाजारात नव्या गाड्या यायला लागल्या होत्या. जन्मभर स्कूटर चालवलेली माणसं कर्ज काढून चारचाकी घेत होती, आणि संगणकाच्या कंपन्यांत लागलेली मुलं पहिल्याच वर्षी गाडी घेऊन तिला आणखी काय काय लावता येईल ते विचारत होती. मी तिथे मजकूर तपासायचे. मला गाडी चालवता येत नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ येत होते, आणि आमचे संपादक लिमये यांना तेवढं पुरेसं होतं.

मॅडम साठीच्या आसपासच्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांनी ते पान लिमयांच्या टेबलावर ठेवलं आणि एका जाहिरातीवर बोट टेकवलं. पेट्रोलच्या नळीला बांधायचं एक लोहचुंबक होतं. ते बांधलं की इंजिनाची ताकद पंचवीस टक्क्यांनी वाढते, असं त्यात म्हटलं होतं.

"ही ताकद कुठं मोजली?"

लिमयांनी चष्म्यावरून पाहिलं. "ती जाहिरात आहे, बाई. जाहिराती आम्ही मोजत नाही. छापतो."

"आणि बाकीचा मजकूर?"

"तोही छापतो."

"तोही न मोजता?"

लिमये सदाशिव पेठेत वाढलेले. समोरच्याला गार करणारं वाक्य त्यांच्याकडे कायम तयार असे. त्या दिवशी मात्र त्यांनी खुर्ची पुढे केली आणि मला चहा सांगायला पाठवलं. मी परत आले तोवर मॅडमना दर महिन्याचं एक पान मिळालेलं होतं. ज्यानं कुणी इंजिनात काही फेरफार करून ताकद वाढवली असा दावा केला असेल, त्यानं गाडी घेऊन यायचं. मॅडम मोजतील. जे निघेल ते छापायचं. त्या हॉर्सपॉवर म्हणत नसत, अश्वशक्ती तर कधीच नाही. 'घोडे' म्हणत. त्यामुळे सदराचं नाव पडलं 'किती घोडे?'

मॅडम मूळच्या अकोल्याच्या. पुण्यात तीस-बत्तीस वर्षं एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इंजिनांच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. प्राध्यापक नव्हत्या, हे त्या स्वतःच आधी सांगून टाकत. इंजिन चौथऱ्यावर बांधायचं, चालू करायचं, त्याच्यावर भार टाकून ताकद मोजायची, आणि मुलांनी वहीत लिहिलेला आकडा खरा की शेजाऱ्याच्या वहीतला, ते ओळखायचं. त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्या प्रयोगशाळेच्या मधोमध भिंत घालून अर्ध्या जागेत संगणक बसवले आणि ताकद मोजायचं यंत्र भंगारात गेलं. याबद्दल त्यांनी कधी हळहळ केलेली मी ऐकली नाही. "मुलं तिकडं चालली नं, मग खोलीही तिकडं चालली," एवढंच म्हणाल्या होत्या.

यंत्र नव्हतं, म्हणून त्यांनी रस्त्याला कामाला लावलं.

पद्धत इतकी साधी होती की मलाही समजली. आधी गाडी मार्केट यार्डात न्यायची, तिथल्या ट्रकच्या वजनकाट्यावर. कांद्याचे ट्रक रांगेत उभे असायचे आणि त्यांच्यामध्ये आमची एवढीशी गाडी. काट्यावरचा माणूस ओरडायचा, "आल्या बघा मोटारवाल्या बाई, घ्या त्यांना मधे." हमाल हसायचे. मॅडम मला आणि स्वतःला गाडीत बसवूनच वजन करत. "रस्त्यावर आपण उतरून पळणार आहे का गाडीमागे?"

मग रविवारी सकाळी सहा वाजता वारज्याजवळच्या बाह्यवळण रस्त्यावर. तेव्हा तिथे त्या वेळेला इतकी सामसूम असे की रस्त्यावर बसलेली कुत्री गाडी पाहून सावकाश उठत. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगावरून ऐंशीपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. मग गिअर काढून घ्यायचा आणि गाडी आपली आपण ऐंशीवरून चाळीसवर उतरायला किती वेळ घेते ते मोजायचं. पहिल्यातून कळतं इंजिन किती ओढतं, दुसऱ्यातून कळतं वारा आणि रस्ता किती मागे खेचतात. चढउतार आणि वाऱ्याचा फरक जावा म्हणून हेच उलट्या दिशेनं. आणि हे सगळं दहा वेळा. मॅडम गाडी चालवत, मी शेजारी बसून स्टॉपवॉच धरी आणि वहीत लिही.

सुरुवातीला एक काम मात्र असेच. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड होते. वेगाचा काटा साठवर स्थिर धरला, तर एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत बरोबर एक मिनिट लागायला हवं. कमी-जास्त लागलं तर काटा खोटा. "गाडीच्या आधी काट्याला विचारायचं, तू खरा का," असं त्या म्हणत.

हा प्रश्न त्या सगळ्याच काट्यांना विचारत. आकडा आला कुठून ते आधी सांगा, किती ते मग, हे त्यांचं पालुपद होतं. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला की विचारत, "बसून घेतला का झोपून? कोणत्या हाताचा?" त्यांचे यजमान गावंडे काका पोस्टातून निवृत्त झालेले, अतिशय शांत गृहस्थ. ते एकदा मला हळूच म्हणाले होते, "ताप आला तर मी हिला फक्त 'बरं वाटत नाही' एवढंच सांगतो. आकडा सांगितला की चौकशी बसते." काकांना गाडी लागायची, त्यामुळे ते मॅडमच्या शेजारी कधी बसले नाहीत. त्या गाडी काढताना ते खिडकीतून हात हलवत.

पहिल्या वर्षात पुष्कळ लोक आले. चुंबकवाला आला नाही, त्याची जाहिरातही बंद झाली. तेलात घालायच्या औषधाचा विक्रेता आला आणि निकाल ऐकून गेला तो पुन्हा दिसला नाही. पण माझ्या लक्षात राहिला तो हिंजवडीला नव्यानं नोकरीला लागलेला एक मुलगा. त्यानं गाडीला बाहेरगावाहून मागवलेला एअर फिल्टर आणि मोठ्या तोंडाचा सायलेन्सर लावला होता. गाडी आमच्या गल्लीत शिरली की ऑफिसातल्या काचा थरथरायच्या.

"वीस टक्के तरी वाढलेत, मॅडम. ट्रस्ट मी. पिकअप एकदम वेगळा आहे. यू कॅन फील इट!"

मॅडमनी मोजलं. मूळ गाडीपेक्षा एक घोडा कमीच भरला.

त्या मुलाचा चेहरा पडला. "पण फील येतो ना!" तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मॅडमनी वाद घातला नाही. पर्समधून कापूस काढला, त्याच्या दोन्ही कानांत घालायला लावला, वेगाच्या काट्यावर वहीचा कागद चिकटवला आणि म्हणाल्या, "जा, एक चक्कर मारून ये. मग माझ्या गाडीत बसून एक मार." मॅडमची गाडीही तीच होती, तीच छोटी आठशे सीसीची, कारखान्यातून आली तशी. तो दोन्ही चकरा मारून आला, कापूस काढला आणि बॉनेटला टेकला.

"सेमच वाटतंय," तो म्हणाला.

"आवाज आवडला आहे नं तुला? मग ठेव की. आवाज आवडणं काही गुन्हा नाही. फक्त त्याला ताकद म्हणू नको."

त्या महिन्याच्या सदरात त्याचं नाव नव्हतं, गाडीचा रंगही नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, तो खरं बोलला. सेम वाटतं म्हणाला. पैसे घातलेला माणूस असं म्हणत नाही."

मला वाटायचं, या बाईंचं कधी चुकणार नाही. लिमयांनाही वाटायचं. वाचकांची पत्रं यायची त्यातही हेच असायचं. आता विचार करते तेव्हा वाटतं, आम्ही सगळ्यांनी मिळून ते त्यांच्याही कानावर फार वेळा घातलं.

मंगेश धुमाळ आला तो दुसऱ्या वर्षी. वारज्याचाच. घरची जमीन होती, ती इमारतींसाठी विकली गेली, आणि त्याच्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर त्यानं पत्र्याचं गॅरेज टाकलं होतं. आयटीआय झालेला, तिशीच्या आतला. गळ्यात जाड साखळी, डोक्यावर गॉगल. बोलायला लागला की थांबत नसे. त्यानं गॅरेजवर बोर्ड लावला होता, 'दहा टक्के जादा ताकद. छातीठोक.' इंजिनाच्या वरच्या भागात, ज्याला हेड म्हणतात, त्यात हवा आत यायच्या आणि धूर बाहेर जायच्या वाटा असतात. त्या वाटा तो हातानं घासून रुंद आणि गुळगुळीत करायचा. कॉलेजची मुलं त्याच्याकडे यायला लागली होती.

"मॅडम, मोजा की!" तो ऑफिसात येऊन म्हणाला. "तुमी किती बी मोजा. ह्यो मंगेश धुमाळ हाय. साऱ्या पुन्यात आसं हेड कोन करत न्हाई. पैज लावा."

"पैज कशाला?" मॅडम थंडपणे म्हणाल्या. "रविवारी या."

त्यांना तो आवडला नव्हता. मला ते दिसलं होतं. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, "ज्याला इतकं ओरडावं लागतं, त्याच्याजवळ काय असणार आहे, सांग?" मी मान डोलावली. मलाही तो आवडला नव्हता.

त्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा रस्ता रुंद करायचं काम सुरू झालेलं होतं. कडेला खडीचे ढीग होते आणि किलोमीटरचे दगड काढून टाकले होते. मॅडमनी एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि "चल, घे वेळ," म्हणाल्या. दहा फेऱ्या झाल्या. धुमाळ लांब खडीच्या ढिगावर बसून पाहत होता. मॅडमनी गणित केलं. मूळ गाडी, तीच आठशे सीसीची, चाकाशी तीस घोडे देत होती, हे त्यांनी पूर्वीच मोजलेलं. धुमाळच्या गाडीचेही तीस भरले. तीसच.

"आसं कसं?" धुमाळ म्हणाला. "परत एकदा करा की, मॅडम. कायतरी ऱ्हायलंय."

"दहा वेळा केलं."

तो गप्प झाला. इतकं बोलणारा माणूस एकदम गप्प झाला की चमत्कारिक वाटतं. पण आम्हाला तेव्हा वाटलं, उघडा पडला.

मॅडमनी लेखाच्या शेवटी लिहिलं होतं, 'ही दहा टक्के वाढ फक्त बोर्डावर आहे.' मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते उचलून मथळा केला. नावासकट छापलं. कुणीतरी त्याच्या झेरॉक्स काढून कॉलेजच्या पार्किंगमध्ये चिकटवल्या. वारज्यातली पोरं धुमाळला 'झिरो' म्हणायला लागली, असं आमच्या अंक टाकणाऱ्यानं येऊन सांगितलं. लिमये हसले. मीही हसले. मॅडम हसल्या की नाही ते आठवत नाही.

पाच-सहा महिने गेले. कर्वेनगरमध्येच एका कार्यालयात लग्न होतं, दोघींनाही आमंत्रण होतं. मॅडमनी गाडी लावली आणि उतरताना थांबल्या. शेजारी धुमाळची गाडी उभी होती, वहीत लिहिलेला तोच नंबर. त्याचं कुणी नातेवाईक त्या लग्नाला आलं असावं. दोन्ही गाड्या एकाच बनावटीच्या, एकाच रंगाच्या, खांद्याला खांदा लावून उभ्या. त्यांत धुमाळची शेजारणीपेक्षा किंचित उंच दिसत होती.

मॅडम खाली वाकल्या. मग रेशमी साडी सावरत चक्क उकिडव्या बसल्या आणि धुमाळच्या गाडीच्या टायरवर कोरलेले आकडे वाचले. दारात गजरे विकणारी बाई होती. तिच्याकडून त्यांनी हातभर दोरा मागून घेतला. स्वतःच्या गाडीच्या टायरची जमिनीपासून उंची दोऱ्यानं घेऊन तिथे गाठ मारली. तोच दोरा धुमाळच्या टायरला लावला. गाठ टायरच्या माथ्याखाली दीड बोट राहिली.

मला काही कळेना. त्यांनी पर्समधून आहेराचं पाकीट काढलं आणि त्याच्या मागे एक गुणाकार केला.

"त्यानं उंच टायर लावले होते," त्या म्हणाल्या. "शंभराला पाच उंच. काटा फक्त चाकाचे फेरे मोजतो, वैशाली. फेरा मोठा झाला हे त्याला कळत नाही. काटा ऐंशी दाखवत होता तेव्हा गाडी चौऱ्याऐंशीनं पळत होती. माझं गणित सगळं त्या काट्यावर."

"म्हणजे किती फरक पडतो?"

"वेग पाच टक्के जास्त, आणि ताकदीत तो दोनदा येतो, एकदा वेगात, एकदा वेगाच्या वाढीत. तीस नाही. तेहतीस." थोड्या वेळानं म्हणाल्या, "दहा टक्के. बोर्डावर होते तेवढेच."

आम्ही लग्न लावलं, अक्षता टाकल्या. मॅडम जेवल्या नाहीत.

परत जाताना मी म्हटलं, "पण दगडच नव्हते त्या दिवशी. त्यात तुमचा काय दोष?"

त्यांनी गाडी कडेला घेतली. गाडी चालवताना त्या महत्त्वाचं बोलत नसत.

"दगड नव्हते. पण टायर होते नं? खाली वाकून वाचायला किती वेळ लागला आता मला? यापूर्वी दरवेळी वाचले आहेत. तुझ्या वहीत पाहा, प्रत्येक गाडीच्या टायरचा आकडा आहे. त्या दिवशीचा नाही. काहून नाही? मला उत्तर आधीच माहीत होतं म्हणून. तो 'परत करा' म्हणाला, तरी मी टायरकडं पाहिलं नाही. त्याच्या गळ्यातल्या साखळीकडं पाहिलं."

दुसऱ्याच दिवशी त्या गाडी न काढता रिक्षानं वारज्याला निघाल्या आणि मला बरोबर घेतलं. बोर्ड काढून टाकलेला होता. गॅरेजसमोर कंपन्यांच्या पांढऱ्या गाड्यांची रांग होती, माणसं हिंजवडीला नेण्या-आणण्याच्या. धुमाळ एका गाडीखालून बाहेर आला. आम्हाला पाहून हात पुसत उभा राहिला. गळ्यात साखळी नव्हती.

"मी चुकले," मॅडम उभ्याउभ्याच म्हणाल्या. "तुमचे टायर उंच होते, ते मी पाहिलं नाही. तुमचं इंजिन दहा टक्के जास्त ताकद देत होतं. तुम्ही खरं बोलत होता."

"ते मला म्हाईत हाय," धुमाळ म्हणाला.

आवाज चढलेला नव्हता. मला तो चढलेला असता तर बरं वाटलं असतं.

मी मधेच बोलले. "मग तेव्हाच भांडला का नाहीत?"

"कुनाशी भांडू? तुमच्याकडं आकडे व्हते. माज्याकडं काय व्हतं? निस्तं हात." त्यानं मॅडमकडे पाहिलं. "आन खरं सांगू का, मॅडम? तुमी लिवलंत तवा मलाबी वाटलं, आपलंच कायतरी चुकलं आसंल. टायर बदलल्यालं मला कुटं ध्यानात व्हतं! म्या हेड परत खोललं. चार राती झोपलो न्हाई. काय चुकलं तेच घावंना."

मॅडमचा एक हात शेजारच्या गाडीच्या टपावर होता, तो तसाच राहिला.

"पुढच्या अंकात छापते. त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात."

"छापा. पन ते काम आता सोडलं म्या. ह्या बगा की गाड्या. तेल बदला, ब्रेक बगा, सोडून द्या. कुनी इचारत न्हाई ताकद किती. धंदा पयल्यापरीस बरा चाललाय. तुमच्यामुळं नुकसान झालं आसं न्हाई काय."

मॅडमनी विचारलं, "त्या वाटा तू घासायचास कशानं?"

'तुम्ही'चं 'तू' झालेलं दोघांच्याही लक्षात आलं नसावं. धुमाळनं आधी दोन शब्दांत उत्तर दिलं. त्यांनी पुढचं विचारलं. मग तो हातानं हवेत वळण काढून दाखवू लागला, हवा कुठे अडते, बोट फिरवलं की कसं समजतं, कारखान्यात घाईनं ओतलेल्या धातूला आत कशी कड राहते. अर्धा तास तो बोलत होता. मॅडम एका उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसून ऐकत होत्या, विद्यार्थिनीसारख्या.

रिक्षातून येताना त्या म्हणाल्या, "नुकसान नाही म्हणून राहिला तो. त्याचा हात गेला, वैशाली. हे मी कशात मोजू?"

खुलासा छापायला लिमये सहजी तयार झाले नाहीत. मागच्या पानावर तीन ओळी देऊ, म्हणाले. "अहो बाई, तुमच्या पानाची अब्रू आहे ती. अशी चव्हाट्यावर आणायची असते का?"

"त्याची आपण कोणत्या पानावर आणली होती?"

लिमयांनी त्याच पानावर जागा दिली. मॅडमचा मजकूर पंधरा ओळींचा होता. मी तो तपासताना एक वाक्य घातलं, की रस्त्याच्या कामामुळे त्या दिवशी किलोमीटरचे दगड उपलब्ध नव्हते. प्रूफ परत आलं तेव्हा ते वाक्य काट मारून काढलेलं होतं, आणि समासात लिहिलं होतं, 'हे कारण नाही.' मथळ्याच्या जागी त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, 'माझी चूक'. शेवटची ओळ होती, 'श्री. मंगेश धुमाळ यांचा दावा खरा होता, आणि मी नीट मोजलं नाही.'

पत्रं आली. बहुतेक मॅडमची वाहवा करणारी, काय हा प्रामाणिकपणा वगैरे. धुमाळचं नाव एखाद्याच पत्रात. मॅडमनी ती पत्रं अर्धी वाचून बाजूला ठेवली. "पाहा बापा, यातही मीच मोठी झाले," म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी सदर सोडलं. लिमये त्यांच्या घरी गेले, मीही गेले. काकांनी चहा केला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मोजायच्या आधीच मला उत्तर ऐकू येऊन राहिलं आता," त्या म्हणाल्या. "असं व्हायला लागलं की स्टॉपवॉच खाली ठेवावं माणसानं. मुलांनाही मी हेच सांगायची."

मासिक पुढे तीनएक वर्षं चाललं. मग मीही एका संगणक कंपनीत लागले, माहितीपुस्तिका लिहायच्या कामावर. तिथे रोज कुणीतरी येऊन सांगे, आमचं नवं सॉफ्टवेअर चाळीस टक्के वेगवान आहे. कुठल्या यंत्रावर, कशाच्या तुलनेत, असं मी विचारलं की लोक माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहत. त्यांनी ते लिहून देईपर्यंत मी पान पुढे सोडत नसे. माझी तिथे फारशी मैत्री झाली नाही.

मॅडमकडे वर्षातून दोनदा जाणं व्हायचं. शेवटची गेले ते त्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर. मोठा काळा चष्मा लावून त्या गॅलरीत बसल्या होत्या. गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली होती, आणि त्यांनी, आश्चर्य म्हणजे, किती दिवस असं विचारलंही नव्हतं. आम्ही बोलत होतो तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. धुमाळ होता. केस कानांजवळ पिकायला लागलेले, पोट थोडं सुटलेलं. जुनीच एक गाडी होती, कुण्या गिऱ्हाईकाची नव्हे, स्वतःची. मधून मधून तो येतो, असं काकांनी मला सांगितलं. काय बोलतात ते काकांना ठाऊक नव्हतं.

तो वर आला, काकांच्या पाया पडला, आणि मॅडमना म्हणाला, "चला, मॅडम. परत हात घातलाय हेडात. पंधरा दिस लागले. जरा बसून बगा."

मॅडम उठल्या. काका म्हणाले, "अगं, डोळ्याला वारा लागेल." त्यांनी पदर कानांवरून घेतला आणि त्याच्या मागोमाग जिना उतरल्या. मी गॅलरीतून पाहत होते. धुमाळनं त्यांच्यासाठी दार उघडलं, स्वतः बसला, गाडी चालू केली. आवाज अगदी मऊ होता. गल्लीचं तोंड गॅलरीच्या खालीच होतं; तिथे गाडी वळायला थांबली तेव्हा उघड्या खिडकीतून त्यांचं बोलणं वर ऐकू आलं.

"किती झालं आसंल, मॅडम? तुमी निस्तं ऐकून सांगा."

"थांब नं जरा," मॅडम म्हणाल्या. "चांगली चालून राहिली. चालू दे."

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. धुमाळनं वेग वाढवला असावा, कारण मॅडमचा पदर खिडकीतून बाहेर फडफडायला लागला. तो आत ओढून घ्यायला त्यांचा हात बाहेर आला, आणि पदर आत गेल्यावरही हात तसाच बाहेर राहिला, तळवा वाऱ्याला लावलेला.